धवलारीण अडत नाही

पनवेलच्या आसपासच्या गावांत आगरी लग्न असलं की हळदीच्या रात्री डीजे वाजतोच. पण काही घरांत अजूनही डीजेच्या आधी एका बाईला मानानं बोलावून आणतात. ती धवलारीण. मांडव, देवक, हळद, लग्नातल्या ज्या त्या विधीचा धवला तिला ठाऊक असतो. काही ठिकाणी तर पूर्वी तिनंच लग्न लावायची रीत होती. ती एक ओळ म्हणते, भोवतीच्या बायका ती उचलतात, मग ती पुढची म्हणते. तिला पाठ पुष्कळ असतं, पण सगळंच पाठ असून भागत नाही. नवरीचं नाव, नवऱ्याचं गाव, मामाचा मान, कुठल्या आत्यानं काय आणलं, हे सगळं त्या त्या वेळी चालीत बसवावं लागतं. ‘आज काही सुचत नाही’ असं म्हणायची सोयच नसते, कारण समोर हळदीची वाटी घेऊन माणसं उभी असतात.

कवितेपाशी अडून बसलेल्या माणसानं या बाईकडे जरा नीट पाहावं. तिची प्रतिभा आपल्यापेक्षा थोर असेल किंवा नसेल, तो प्रश्न नाही. तिच्याजवळ चार गोष्टी तयार असतात आणि आपल्याजवळ त्यातली एकही नसते. तिच्याजवळ चाल आहे. निमित्त आहे. ऐकणारे आहेत. आणि चौथी गोष्ट सहज लक्षात येत नाही: तिला वेळ मिळतो. बायका ओळ परत म्हणत असतात तेवढ्यात ती पुढची जुळवते. ध्रुवपद श्रोत्यांसाठी असतं असं आपण समजतो. ते रचणाऱ्याला श्वास घ्यायलाही असतं.

ही सोय जुनी आहे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा, तिची रचनासुद्धा धवळेच. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या मनात लग्नाची लहर आली, भक्तांनी तो सोहळा मांडला, आणि लग्न म्हटल्यावर गाणी हवीत म्हणून महदंबेनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तिथल्या तिथे रचून गायले, असं महानुभावांच्या चरित्रग्रंथांत येतं. ज्ञात मराठी कवितेच्या आरंभीच ही मागणी आहे: गा, आत्ता, या प्रसंगासाठी. अमरावतीकडचं ऋद्धिपूर आणि पनवेलची खाडी यांच्यात अंतर बरंच. तरी प्रसंग तोच, नावही जवळजवळ तेच.

जात्यावरच्या ओवीचंही असंच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून सहकाऱ्यांसह एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या ओव्या रचणाऱ्या बायकांपैकी कुणी स्वतःला कवयित्री म्हणवलं नाही आणि कुणी प्रेरणेची वाट पाहिली नाही. जात्यात पहिली वैरण पडली की तोंड उघडायचं. आणि सुरुवात कुठून करायची हा आपला सगळ्यात मोठा पेच त्यांनी फार साध्या युक्तीनं सोडवला होता: पुष्कळ ओव्या सरळ मोजणीनंच सुरू होतात. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला. पहिल्या ओळीला काही थोर म्हणायचंच नसतं, तिनं फक्त दार उघडायचं असतं.

पुढे छापील कविता आली आणि कवी एकटा पडला. पुस्तकानं ऐकणारा लांब नेला, मुक्तछंदानं चाल काढून घेतली, आणि निमित्तासाठी लिहिणं हलकं ठरलं. हे सगळं वाईट झालं असं मी म्हणत नाही. मर्ढेकरांची कविता मांडवात उभी राहून रचता आली नसती. पण या मोकळीकीची किंमत म्हणून कोरा कागद आपल्या वाट्याला आला. तेव्हा ‘सुचत नाही’ म्हणताना नेमकं काय नाही हे आधी तपासावं. बहुतेक वेळा मनात ऐवज असतो. चाल, निमित्त, ऐकणारा किंवा वेळ यांपैकी काहीतरी नसतं, आणि ते मिळवता येतं.

वेळेपासून सुरुवात करू. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कनौजच्या दरबारात राजशेखर नावाचा कवी होता. त्याला मराठी माणसानं परका मानू नये. आपला पणजोबा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी होता असं तो अभिमानानं सांगतो. त्यानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली, आणि तिच्यात कवीच्या दिवसाचं चक्क वेळापत्रक दिलं. पहिल्या प्रहरात अभ्यास, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात मित्रांबरोबर काव्यचर्चा, चौथ्यात सकाळी रचलेल्याची तपासणी. घरात खडू-पाटी हवी, ताडपत्रं नि भूर्जपत्रं हवीत, दौत-लेखणी हवी, आणि ऐन वेळी काही हाती नसेल तर लिहायला घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीही हव्यात, इथपर्यंत त्याची यादी जाते. प्रतिभेवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही, त्यावर तो भरपूर लिहितो. पण प्रतिभा आली आणि हाताशी खडू नव्हता, हे त्याला पटणारं नव्हतं.

त्याच राजशेखरानं कवींचे वेळेनुसार चार प्रकार केले आहेत. दारं-खिडक्या बंद करून ऊनही न बघता लिहीत राहणारा तो असूर्यंपश्य. आतून ओढ लागली तरच बसणारा तो निषण्ण. नोकरी-चाकरीतून सवड मिळेल तेव्हा लिहिणारा तो दत्तावसर. आणि प्रसंग आला की त्यासाठी रचणारा तो प्रायोजनिक. आपल्याकडे बहुतेकांना निषण्ण व्हायचं असतं आणि बहुतेक जण असतात दत्तावसर. निम्मं अडणं इथेच आहे.

पनवेलएवढी दत्तावसर कवींची वस्ती दुसरीकडे क्वचित असेल. हार्बर लाइन इथून सुटते, म्हणून बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. खांदेश्वर-मानसरोवरची काही मंडळी त्यासाठी उलट्या गाडीनं पनवेलला येऊन सीट धरतात. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर प्रवास, परतीला तेवढाच. ही सवड म्हणजे सवडच नव्हे असं आपण ठरवून टाकलेलं असतं. मी नवोदितांना सांगतो की गाडी हलल्यापासून वाशीचा खाडीपूल येईपर्यंत लिहा, पुलावर वही बंद करा. पुलानंतर कितीही छान सुचलं तरी लिहायचं नाही, दुसऱ्या दिवसासाठी डोक्यात ठेवायचं. मर्यादा आली की मन आपोआप घाई करतं आणि घाईत असलेलं मन स्वतःवर टीका करत बसत नाही. परतीच्या गाडीत सकाळचं वाचायचं. तो राजशेखराचा चौथा प्रहर. रचना आणि तपासणी एकाच बैठकीत केली की दोन्ही बिघडतात. पहिली ओळ लिहून लगेच खोडणारे लोक ‘सुचत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना सुचत असतं, फक्त टिकू दिलं जात नाही.

आणि या वेळात लिहायचं काय? दिसलेलं. ‘पाऊस पडतोय, मन उदास’ नको. पावसाळ्यात मानसरोवरला चढलेल्या माणसानं मिटलेली छत्री दाराच्या कोपऱ्यात टेकवली आणि तिच्यातून पाण्याचा ओघळ सीटखालून थेट खिडकीजवळच्या बाईच्या डब्याच्या पिशवीपर्यंत गेला, बाईनं न बोलता पिशवी मांडीवर घेतली: हे लिहा. यात कविता आहे की नाही हे आज कळणार नाही. आठ-पंधरा दिवसांच्या अशा नोंदी साठल्या की त्यातल्या दोन एकमेकींकडे सरकतात, आणि तिथे काहीतरी सुरू होतं.

प्रेरणेसाठी कुठेतरी जायला हवं ही समजूत मात्र फार चिवट आहे. सुट्टी धरून कर्नाळ्याला जायचं, सुळक्याकडे बघत वही उघडायची, आणि पक्ष्यांचे आवाज ऐकून शेवटी मिसळ खाऊन परत यायचं. कर्नाळ्याविरुद्ध माझं काही नाही, अभयारण्य सुंदर आहे. चालण्यानं डोकं मोकळं होतं हेही खरं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बसून राहिलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, आणि खोलीत भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही सुचल्या. म्हणजे काम पायांनी केलं होतं, देखाव्यानं नव्हे. गाढी नदीच्या पुलावरून रोज केलेली फेरी पुरते.

अरुण कोलटकर काळा घोडा भागात वेसाइड इन नावाच्या हॉटेलात वर्षानुवर्षं बसत. समोर तोच रस्ता, तोच तिकोना, तीच कुत्री, तेच फुटपाथवरचे संसार. त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह झाला, तो २००४ साली आला. नवी जागा पहिल्या दिवशी सगळ्यांना सारखीच दिसते. कवीला हवं ते विसाव्या दिवशी दिसायला लागतं. पनवेलकराला एसटी स्टँड आहे, मच्छी बाजार आहे, वडाळे तलावाचा काठ आहे. कुठलंही एक धरावं आणि सोडू नये.

आता निमित्त. याबद्दल मराठी कवीच्या मनात एक अढी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पनवेल-उरण रस्त्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जी चारोळी असते तीही प्रायोजनिक कविताच. पण त्याच वर्गात ‘गीतरामायण’ही बसतं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पहिलं गीत गेलं आणि मग वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतंही वाढली आणि संख्या छप्पन्नावर गेली. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी सापडेना, गदिमा पुन्हा लिहायला तयार होईनात, तेव्हा कार्यक्रमाचे निर्माते सीताकांत लाड यांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि थोड्याच वेळात गीत तयार झालं, ही कथा सगळ्यांनी ऐकलेली असते. ती कथा ऐकणारे कडीचं कौतुक करतात. मला त्यामागची तयारी दिसते. रामकथा गदिमांच्या अंगात मुरलेली होती, वृत्तं आणि लोकगीतांच्या चाली बोटांवर होत्या, चित्रपटाच्या गाण्यांनी चालीवर शब्द बसवायचा सराव होता. आत काहीच नसलेल्या माणसाला कडी घातली तर तो झोपेल. म्हणून निमित्त घ्यायचं तर ज्याबद्दल आपल्याजवळ साठा आहे असं घ्यावं. शेजारच्या आजोबांची पंच्याहत्तरी चालेल, त्यांना पाच मिनिटं तरी आपण खरोखर ओळखत असू तर.

चालीच्या बाबतीत गझलेनं जेवढी माणसं सोडवली तेवढी दुसऱ्या कुठल्या रचनाप्रकारानं सोडवली असतील असं वाटत नाही. पनवेलला गझल परकी नाही, गझलकार ए. के. शेख इथलेच. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका लिहिली ती नव्यांना हात धरून चालवण्यासाठी, आणि किती तरी जणांनी त्या पुस्तिकेवर आपली पहिली गझल पुरी केली. तिचं तंत्र अडलेल्या माणसाच्या फार कामाचं आहे. रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी परत येणारे शब्द, आधीच ठरलेला असतो. त्याच्या अलीकडचा काफिया, म्हणजे यमक, शोधायचा असतो. आणि प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे तिसरा अडला तर पाचवा लिहायला कुणाची हरकत नाही. शेवटून मागे येत लिहायचं. समजा ‘गाडी सुटून गेली’ असं हाताशी आलं आणि ‘सुटून’ हा काफिया धरला. तर फुटून, तुटून, उठून, लुटून, मिटून अशी यादी करायची. मग एकेका शब्दाला विचारायचं की तुझ्या वाटेनं काय गेलं? ‘मिटून गेली’ म्हटल्यावर दुकानाची पाटी आठवते, भिंतीवरची मुलाच्या उंचीची खूण आठवते. विषय आपण निवडला नव्हता, यमकानं आठवणीतून ओढून काढला.

धोकाही तिथेच आहे. यमक कवीला नेऊ लागलं की शेर गोड होतो आणि पोकळ होतो. टाळी मिळते, घरी जाईपर्यंत विसरतो. म्हणून यादीतले पहिले दोन शब्द मी वगळायला सांगतो. ते सगळ्यांनाच सुचलेले असतात.

काही वेळा सुरुवात झालेली असते आणि मध्येच गाडी थांबते. हे अडणं वेगळं आणि माझ्या मते जास्त शिकवणारं. एक उदाहरण बघू, इथल्याच मातीतलं. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. या विषयावर परिसरातल्या प्रत्येक तरुण कवीनं एक तरी कविता सुरू केलेली असते. आणि ती बहुधा अशी सुरू होते:

विकासाच्या नावाखाली
माझं गाव हरवून गेलं

आणि इथेच थांबते. कवीला वाटतं आपल्याला सुचत नाही. खरं म्हणजे बोलायचं संपलेलं असतं. या दोन ओळींनी निकाल दिला. निकालानंतर साक्षीदार कशाला बोलवायचे? पुढे जास्तीत जास्त तेच पुन्हा मोठ्या आवाजात म्हणता येईल. असं झालं की शेवटची ओळ शोधत बसू नये, पहिली काढून टाकावी. आणि स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. सुरुंग केव्हा लागायचा? आधी काही इशारा व्हायचा का? तेव्हा घरात कोण असायचं, काय करत असायचं? मग ओळी अशा येऊ शकतात:

सुरुंगाचा भोंगा झाला की
आजी वाळत टाकलेल्या सुकटीवर
जुनी साडी पांघरायची

या ओळी थोर नाहीत, पण यांच्यापुढे जाता येतं. भोंग्यानंतर सुरुंग येणार, धूळ येणार, साडी झटकली जाणार, ती कुठल्या लग्नातली साडी हे कुणी विचारणार. शेवटी गाव जाणार आणि सुकट कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीत वाळणार, तिथे वासाबद्दल सोसायटीची नोटीस लागणार. राग त्या नोटिशीत आपोआप येतो, त्याचं नाव घ्यावं लागत नाही. पहिल्या मसुद्यातली ‘विकास’ आणि ‘हरवणं’ ही मोठी नावं गेली म्हणून हे जमलं. मधेच थांबलेल्या कवितांपैकी बऱ्याच अशा एखाद्या मोठ्या नावाला अडखळून पडलेल्या असतात.

ऐकणाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. रविकिरण मंडळाची मंडळी १९२३ पासून पुण्यात एकत्र जमून एकमेकांना कविता ऐकवायची. माधव जूलियन, यशवंत, गिरीश त्यातलेच. मंडळावर पुढे टीकाही भरपूर झाली, पण ठरलेल्या दिवशी काही तरी घेऊन जायचं आहे हा धाक कवीला हलवतो, हे त्यांच्या संग्रहांच्या संख्येवरून दिसतं. दोन माणसं पुरतात. व्हॉट्सॲपवरचा ग्रुप मात्र या कामाचा नाही. तिथे कविता वाचून होण्याआधीच फुलांचा गुच्छ येतो.

आणि हे सगळं करूनही महिनोन्महिने काही येत नाही, असंही होतं. तो काळ आजारपणाचा किंवा शोकाचा असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर प्रश्न कवितेचा नाही. आधी डॉक्टरकडे जावं. एरवी दीर्घ शांततेला एवढं घाबरायचं कारण नाही. रिल्केनं ‘दुइनो एलिजीज’ १९१२ च्या जानेवारीत सुरू केल्या आणि पुऱ्या केल्या १९२२ च्या फेब्रुवारीत, मध्ये अख्खं महायुद्ध गेलं. कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ ची, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ ची, आणि ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ आल्या एकदम २००३ मध्ये. मधली पंचवीस वर्षं बाहेरून रिकामी दिसतात. आत लिहिणं चालू होतं, छापण्याची घाई नव्हती एवढंच.

विंदा करंदीकरांचं उदाहरण याहून उपयोगी आहे. ‘जातक’ १९६८ चा, त्यानंतरचा मोठ्यांसाठीचा संग्रह ‘विरूपिका’ १९८१ चा, आणि पुढचा ‘अष्टदर्शने’ थेट २००३ चा. या काळात विंदा कवितेची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी मुलांसाठी कविता लिहिल्या, शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ मराठीत आणला, ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’ला आजच्या मराठीत उतरवलं. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र तर त्याआधीच, १९५७ साली झालं होतं. भाषांतरात म्हणायचं काय हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. आपल्याला फक्त कसं म्हणायचं एवढंच बघायचं असतं, आणि अडलेल्या कवीचा हात नेमका तेवढ्यासाठीच गंजत असतो. ‘अष्टदर्शने’त सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि चार्वाक अभंगाच्या घाटात उतरले आहेत. ‘अमृतानुभवा’शी ओवी-ओवीनं झगडल्याशिवाय तत्त्वज्ञान पद्यात सांगण्याची ती सफाई पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावरच्या विंदांना आयती मिळाली असती, असं मला वाटत नाही. ज्याला इंग्रजी-हिंदी जमतं त्यानं तिकडची एखादी आवडती कविता घ्यावी. ज्याला जमत नाही त्यानं ज्ञानेश्वरीतल्या एका दृष्टांताच्या चार-सहा ओव्या घेऊन त्या आपल्या बोलीत, पनवेलच्या आगरीत म्हटलं तरी चालेल, उतरवून बघाव्यात. एक दृष्टांत पुरा व्हायला आठवडा लागतो.